काळं पडलेलं तेल

मोटारीचा आवाज बदललाय हे मायाक्कांना सगळ्यांच्या आधी कळलं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कान तयार होता. साखर पेठेतल्या त्यांच्या छोट्या प्रसूतिगृहासमोर गाडी उभी राहिली, की इंजिनातून एक बारीक टिकटिक यायची. शिवणयंत्राची सुई दुसऱ्या खोलीत चालावी तशी.

"कोंडीबा, हा आवाज कसला?"

"जुनी गाडी हाय आक्का. बोलायचीच की," कोंडीबा म्हणाला आणि फडक्यानं काच पुसत राहिला.

मायाक्कांना ते उत्तर आवडलं नाही. प्रश्न टाळायचा असला की बायका नवऱ्याच्या माराबद्दल असंच बोलतात, हे त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं.

गाडी काळी, गोल पाठीची, बसकी. अख्खं सोलापूर तसल्या गाडीला डुक्कर गाडी म्हणायचं. मायाक्कांचे यजमान सिद्धनाथ यांनी ती गिरणीच्या एका अधिकाऱ्याकडून जुनी म्हणूनच घेतली होती. मायाक्का जतकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. मिशनच्या दवाखान्यात राहून नर्स झाल्या, मग लग्नानंतर सोलापुरात स्वतःचं प्रसूतिगृह काढलं. अक्कलकोट, दुधनी, मंद्रूप या बाजूच्या अडलेल्या बाया आणायला गाडी हवीच होती. सिद्धनाथ गेले आणि दवाखाना, गाडी आणि गाडीबरोबरचा कोंडीबा हे सगळं एकट्या मायाक्कांच्या अंगावर आलं. कोंडीबा होटगीचा. पूर्वी दुधनीच्या एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर होता. वयानं मायाक्कांपेक्षा मोठा, बोलायला कमी.

दर रविवारी दीर जोतीराम यायचे. चहा पिऊन झाला की गाडीवर घसरायचे.

"वहिनी, गाडीतलं तुम्हाला काही कळत नाही, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. ड्रायव्हर आणि मिस्त्री, यांचं आतून एक असतं. चौऱ्याहत्तर साल आहे हे. पेट्रोल कुठल्या कुठे गेलंय. जळकं तेल आम्ल आणि माती घालून साफ करतात, डब्यात भरून नवं म्हणून विकतात. दिसायला मधासारखं. तुम्ही कशाला या भानगडीत पडता? विकून टाका."

मायाक्का त्यांना म्हणाल्या, "बघते." पण जोतीराम गेल्यावर त्यांचं वाक्य घरात राहिलं.

मिस्त्री म्हणजे विजापूर वेशीतला मौलाली. मायाक्का स्वतः गाडीबरोबर त्याच्याकडे गेल्या. त्यानं बॉनेट उघडलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला टेकवून ऐकलं. मायाक्कांना ती रीत ओळखीची वाटली, म्हणून त्या जरा सैलावल्या.

"टॅपेटचा आवाज आहे आक्का," मौलाली म्हणाला. "आत एक दांडा फिरतो, त्याला अंड्यासारखे उंचवटे आहेत. तो उंचवटा टॅपेटला, म्हणजे वरच्या लोखंडी खुंटीला, घासत वर उचलतो. लोखंडावर लोखंड. मधे तेलाचा पापुद्रा आहे तवर ठीक. पापुद्रा तुटला की झीज. तुम्ही घालता ते साधं तेल आहे, त्यात दवा नाही."

"तेलात दवा?"

"हौ. आता मिळतं. झीज थांबवायचा मसाला घातलेलं असतं. जुन्या इंजिनाला तेच पाहिजे."

"नको," मागून कोंडीबा म्हणाला. त्यानं एवढंच म्हटलं, पण इतक्या ठामपणे, की मायाक्कांनी वळून पाहिलं. "सिद्धनाथसाहेबांनी कधी घातलं न्हाय ते. साहेब साधंच घालायचे. आपलं साधंच बरं हाय."

"का?"

कोंडीबा मौलालीकडे बघत राहिला. "जुन्याला नवीन चालत न्हाय," तो म्हणाला.

मौलालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मायाक्कांनी तेही पाहिलं. हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते खरे, पण दोघंही अर्धंच बोलत होते. मागच्या वर्षी मौलालीनं ब्रेकचं काम केलं तेव्हा मायाक्कांनी जुने भाग परत मागून घेतले होते आणि ते दुसऱ्या गॅरेजात दाखवून आणले होते. भाग खरोखरच गेलेले निघाले. मौलाली तेव्हा काही बोलला नव्हता, पण त्याला ते कळलं होतं हे मायाक्कांना माहीत होतं.

मायाक्कांनी बाजारात जाऊन स्वतःच दुकान शोधलं. मौलालीनं सांगितलेलं दुकान मुद्दाम टाळलं. डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलं होतं. त्यांनी चष्मा लावून दुकानातच उभ्या उभ्या वाचलं. झीजरोधक मसाला, त्यात जस्त. जस्त त्यांना ठाऊक होतं. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं की त्या जस्ताचं मलम लावायच्या.

"जस्त तेलात काय करतं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं असतंय बाई," दुकानदार म्हणाला. मायाक्कांना वाटलं, याला काहीच माहीत नाही, आणि ज्याला काही माहीत नाही तो निदान खोटं तरी बोलत नाही. त्यांनी डबा उलटा करून झाकण पाहिलं, कडेवरून नख फिरवलं, उघडून पुन्हा डाग दिलाय का ते तपासलं आणि घेतला.

तेल त्यांच्यासमोर बदललं गेलं. मौलालीच्या गॅरेजात, मायाक्का स्टुलावर बसलेल्या असताना. कोंडीबा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा होता. त्यानंतर मायाक्कांनी एक नेम केला. दर गुरुवारी सकाळी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची आणि तिच्या टोकाचे थेंब पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत सोडायचे. बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. रोग्याची लघवी तपासतात तसं. बाटल्या खिडकीत ओळीनं उभ्या राहिल्या.

पहिल्या आठवड्यात तेल तांबूस होतं. पुढच्या आठवड्यात तपकिरी. त्यानंतर शाईसारखं काळं.

"बघा," कोंडीबा म्हणाला. बाटलीकडे त्यानं बोटही केलं नाही, नुसती हनुवटी हलवली.

"एवढ्यात काळं कसं झालं?" मायाक्का मौलालीकडे गेल्या, बाटली पदराखाली घेऊन.

मौलालीनं थेंब दोन बोटांत चोळला. "काळं झालं म्हणजे काम करतंय आक्का. आतली जुनी घाण सोडवून अंगावर घेतं. वाईट नाही."

"म्हणजे काळं तेल चांगलं?"

"हौ."

मायाक्का परत आल्या. काळं तेल चांगलं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. आयुष्यभर त्या एकच शिकल्या होत्या, की जे स्वच्छ ते चांगलं. हा माणूस आपल्याला उलटं शिकवतोय आणि उद्या म्हणेल, आता हे काळं झालं, नवं घाला. पण टिकटिक मात्र कमी झाली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कोंडीबालाही नाही.

आणि मग एका गुरुवारी पट्टी बाहेर आली ती चकचकीत. टोकाला मधासारखं पिवळं तेल.

मायाक्कांनी पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. पिवळं. खिडकीत मागच्या गुरुवारची बाटली काळी कुळकुळीत. त्यांनी दोन्ही बाटल्यांचा वास घेतला. वासही वेगळा. काळं पडलेलं तेल आपोआप उजळत नाही. कोणीतरी काढलं होतं आणि दुसरं भरलं होतं.

गाडी कोंडीबाशिवाय कोणाच्या ताब्यात नसायची.

दिसायला मधासारखं. जोतीरामभावजींचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. चांगलं तेल काढून विकलं आणि साफ केलेलं जळकं तेल भरलं. म्हणूनच त्याला ते नको होतं. नाही, तसं नाही. नको होतं तर विकलं कशाला? की नको म्हणायचं हे सोंगच होतं? त्यांना कुठलंच टोक नीट जुळवता येईना, पण संशयाला जुळायची गरज नसते. त्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली संध्याकाळी स्वतःकडे मागून घेतली.

कोंडीबानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "उद्या कधी येऊ?"

"नेहमीच्या वेळेला."

तो पायऱ्या उतरून गेला. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काहीतरी उत्तर देईल आणि आपल्याला ते खरं वाटेल, याची त्यांना भीती वाटली. आधी पक्कं करायचं, मग बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. टिकटिक पुन्हा सुरू झाली होती.

पुढच्या आठवड्यात दुधनीहून निरोप आला. गंगम्मा नावाची पहिलटकरीण, पायावर सूज, डोकं दुखतंय, कळाही सुरू झाल्यात. एसटीच्या कंडक्टरनं सकाळीच चिठ्ठीशिवाय, तोंडीच सांगितलं. मायाक्कांनी पिशवी घेतली. इतर वेळी त्या पुढे कोंडीबाशेजारी बसायच्या, त्या दिवशी मागे बसल्या.

गंगम्माचा रक्तदाब पाहिल्यावर मायाक्कांनी घरात बाळंतपण करायला साफ नकार दिला. तिची सासू नागव्वा हात धरून कानडीत विनवत होती. मायाक्का म्हणाल्या, "अव्वा, हितं झटका आला तर मी काय करू? मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे." कानडी त्यांना मोडकीतोडकी येत होती, पण आवाज नागव्वाला कळला. गंगम्माला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं सासूच्या मांडीवर. मायाक्का पुढे बसल्या.

अक्कलकोट गेलं. ऊन कलायला लागलं होतं. वळसंग मागे पडलं आणि टिकटिकीचा खडखडाट झाला. स्टिअरिंगसमोरच्या फळीवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला, मग स्थिर पेटला. कोंडीबानं लगेच इंजिन बंद केलं आणि गाडी एका बाभळीच्या कडेला नेऊन थांबवली.

"का थांबलात?"

"तेल चढत न्हाय वर. चालिवली तर इंजिन धरंल, जाम हुईल."

"चालवा. इंजिन गेलं तर जाऊ द्या."

"गेलं तर हितंच अडकू आक्का."

"आताही अडकलोच आहे. चालवा म्हणते ना."

कोंडीबानं किल्ली काढून खिशात घातली. मायाक्कांना क्षणभर त्याची भीतीच वाटली. मागे गंगम्मानं सीटची कड दातात धरली होती.

त्यानंतर बोलायला वेळ राहिला नाही. कोंडीबा धावत जवळच्या वस्तीवर गेला आणि उकळतं पाणी, सुपाभर गोवऱ्या आणि तिथली एक म्हातारी घेऊन आला. मग रस्त्याकडेला जाऊन पाठ करून उभा राहिला, येणाऱ्या गाड्यांना हात करत. बाळ मागच्या सीटवर झालं. मुलगी. लहानखुरी, पण रडली. मायाक्कांचं लक्ष मात्र गंगम्माच्या डोळ्यांकडे होतं, झटक्यानं ते फिरतायत का याकडे. फिरले नाहीत. एक एसटी थांबली, कंडक्टरनं मागची लांब सीट रिकामी करून दिली. नागव्वा, बाळ आणि गंगम्मा चढल्या. मायाक्का पायरीवर पाय ठेवून थांबल्या आणि वळल्या.

"कोंडीबा, एक खरं सांगा. तेल तुम्ही बदललंत?"

"व्हय."

एवढं सरळ उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. एसटीनं हॉर्न दिला. त्या चढल्या. मागच्या काचेतून बाभळीखाली काळी गाडी आणि तिच्याशेजारी उकिडवा बसलेला कोंडीबा लहान होत गेले.

गंगम्मा मोठ्या दवाखान्यात दाखल झाली आणि दोन दिवसांत उठून बसली. तोवर कोंडीबानं एका लॉरीला दोर बांधून गाडी मौलालीच्या गॅरेजात आणून टाकली होती. मायाक्का तिथं पोचल्या तेव्हा गाडीखालचं चेंबर, म्हणजे तेल साठतं ते भांडं, सोडवून ठेवलेलं होतं. कोंडीबा बाजूला उभा. त्याच्या पायाशी एक झाकणाचा पत्र्याचा डबा.

मौलालीनं चेंबरच्या तळातून बोट फिरवून वर केलं. डांबरासारखा गाळ. मग त्यानं एक वाटीएवढी जाळी दाखवली. त्याच गाळानं तिची सगळी भोकं बुजलेली.

"या जाळीतून तेल वर ओढलं जातं. जाळी बुजली. म्हणून दिवा लागला."

"म्हंजे मी म्हनलो तेच झालं," कोंडीबा म्हणाला. तो पहिल्यांदाच न विचारता बोलत होता. "दुधनीला मालकानं लॉरीत असलंच तेल घातलं व्हतं. जुनी घाण सुटली, जाळीत बसली. चढावर इंजिन धरलं, लॉरी मागं आली. पाठीमागं कापसावर एक बाई बसली व्हती. ती गेली." त्यानं पायाशी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. "तुमचं तेल काळं झालं तवा मला झोप लागंना. आत घाण सुटतीया हे दिसत व्हतं. म्हनून तेल काढलं आन् साहेब घालायचे ते साधं घातलं. पर सुटलेली घाण तळाला तशीच ऱ्हायली."

"मला सांगायचं नाही?"

"तुमी बाटल्या भरायला लागला. काय सांगू? हा मिस्त्रीच्या वायटावर हाय, न्हायतर हा तेल खातोय. दोनातलं एक तुमी म्हनलाच असता."

कोंडीबानं पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "हे तुमचं तेल. घरी ठेवलं व्हतं. थेंब हलला न्हाय."

मौलालीनं झाकण काढून बोट बुडवलं, चोळलं. "हे अजून चांगलं आहे," तो म्हणाला. मग उठून त्यानं आत जाऊन याच गाडीतून काढलेला तो उंचवट्यांचा दांडा आणला. त्यावरच्या उंचवट्यांपैकी दोन शेजाऱ्यांपेक्षा बसके झालेले, माथा खरवडलेला. "आणि हे बघा. ही झीज जुनी आहे, पण वरची चमक ताजी. ती साध्या तेलात झाली. घाण सुटली हे कोंडीबाचं बरोबर. झीज थांबवायला दवा पाहिजे हे माझं बरोबर."

"मग करायचं काय होतं?"

मौलालीनं हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिला. "आधी चेंबर खोलून धुवायचं. जाळी साफ करायची. मग हे तेल घालायचं."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हौ."

"आणि सांगितलं नाहीत."

"त्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं आक्का. पण चेंबर खोलायचं म्हणजे दिवसभराचं काम. तुम्ही म्हणाला असता, तेल घालायला आले तर हा इंजिन खोलायला निघाला. मागच्या खेपेला माझे ब्रेकचे तुकडे तुम्ही दुसरीकडे दाखवून आणले. म्हटलं, नक्को. जेवढं विचारलं तेवढंच बोलावं. नशिबानं निभेल."

निभलं नव्हतं. मायाक्का स्टुलावर बसल्या. दोघांवर ओरडावं असं त्यांना वाटत होतं आणि ओरडण्याजोगं कारणही होतं. एकानं मनात येईल ते परस्पर केलं होतं, दुसऱ्यानं माहीत असलेलं गिळलं होतं. त्या दोघांमुळे एक पहिलटकरीण रस्त्यावर बाळंत झाली होती. पण दोघांनीही आपल्याशी न बोलण्याचं जे कारण दिलं ते एकच होतं, आणि ते कारण म्हणजे त्या स्वतः. भाग दुसरीकडे दाखवून आणले यात चूक नव्हती, असं त्यांना अजूनही वाटत होतं. पण मौलालीचं खरं निघालं, तेव्हा परत येऊन तसं एका शब्दानं सांगायला हवं होतं. ते त्यांना सुचलंच नव्हतं.

"ब्रेकचं काम तुम्ही चोख केलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानंही तेच सांगितलं."

मौलालीनं मान हलवली. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. कदाचित उशीर झाला होता.

"दांडा नवा बसवा. टॅपेटसुद्धा. चेंबर धुवा. आणि तेल मसाल्याचंच घाला."

"मग मी येत न्हाय गाडीवर," कोंडीबा म्हणाला.

"का? आता तर सगळं धुतलं जाणार."

"धुतलं म्हनून कोपरा न् कोपरा निघतो व्हय? माझा इस्वास न्हाय. दुसरा बघा कुनीतरी."

मायाक्कांना राग आला आणि लगेच ओसरला. तेलाच्या डब्याला त्यांनी दुकानात जसं उलटंपालटं केलं होतं, तसंच हा माणूस करत होता. फक्त त्याच्याजवळ चष्म्याऐवजी कापसाच्या लॉरीवर मेलेली ती बाई होती.

"असं करू," त्या म्हणाल्या. "महिनाभर गाडी गावातच चालवू. बाहेर काढायची नाही. महिना झाला की मौलालीभाई पुन्हा चेंबर खोलतील. जाळी तुम्ही स्वतः बघा. त्यात चिमूटभर जरी गाळ निघाला, तर तुम्ही म्हणाल ते तेल."

"अन् बाहेरगावच्या बाया?"

"तोवर एसटीनं जाईन."

कोंडीबानं मौलालीकडे पाहिलं. मौलाली म्हणाला, "खोलीन की."

महिनाभर गाडी साखर पेठेतून मोठा दवाखाना आणि तिथून बाजार एवढीच फिरली. टिकटिक नव्हती. तरी कोंडीबा दर चौकात मान तिरकी करून ऐकायचा आणि मायाक्का त्याच्याकडे बघायच्या. जोतीराम दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी पुन्हा ड्रायव्हर आणि मिस्त्री सुरू केलं, तेव्हा मायाक्का म्हणाल्या, "भावजी, त्या दोघांचं आतून एक असतं तर बरं झालं असतं." जोतीरामांना ते समजलं नाही.

ठरल्याप्रमाणे मौलालीनं चेंबर खोललं. काळं तेल परातीत आलं. कोंडीबा गाडीखाली पाठीवर सरकला, जाळी काढून बाहेर आला आणि उन्हाकडे धरून तिच्यातून पाहिली. मग तळात बोट फिरवलं. बोटाला काळं तेल लागलं, गाळ नव्हता. त्यानं ते बोट अंगठ्यावर चोळलं, पुन्हा चोळलं, खरखर लागते का ते बघत.

"ठीक हाय," कोंडीबा शेवटी म्हणाला. "पर सहा म्हैन्यानं परत बघायचं."

"बघू," मौलाली म्हणाला.

गंगम्माच्या मुलीला बघायला म्हणून त्याच आठवड्यात गाडी पुन्हा दुधनीच्या रस्त्याला लागली. मायाक्का पुढे बसल्या होत्या. ज्वारी हुरड्याला आली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाखरं हाकणाऱ्या गोफणी वाजत होत्या. वळसंग अजून यायचं होतं. ती बाभळ दिसली तसा कोंडीबानं वेग थोडा कमी केला.

"एक बोलू का आक्का?"

"बोला. आता तरी बोलत जा."

"त्या दिशी तुमी चालवा म्हनत व्हता. मी किल्ली खिशात घातली. तुमाला वाटलं आसंल, ह्याच्या मनात काय हाय."

मायाक्कांना खोटं बोलता आलं असतं. "वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "भीती वाटली तुमची."

कोंडीबानं मान हलवली. त्यानं बाभळ मागे पडू दिली.

"मला माझीच वाटत व्हती," तो म्हणाला. "तेल म्या बदललं व्हतं न्हवं."